ठकूबाईंचा कृष्णधवल फोटो

मंगळवार, संध्याकाळ

पाय भरून आलेत. एसटी चुकली, म्हणून तळेघरला ठकूबाई आजींना मी काढलेला त्यांचा फोटो द्यायला चालतच गेलो. स्वस्तातला कृष्णधवल रोल, त्यामुळे फोटोत चेहऱ्यावर फिल्मचे दाणे फार उठलेत. वाटभर तेच खटकत होतं. आजी नाराज झाल्या तर?

त्यांनी फोटो उन्हात धरला आणि डोळे बारीक करून पाहिला. दाणेच दिसत असतील का?

"ही तर मपली आई," त्या म्हणाल्या. "शेवटाला अशीच दिसायची. तिचा एकबी फोटू न्हाई."

"आजी, या तुम्हीच आहात."

"ठाव हाय रं. पर ह्यो आईचा म्हणून भितीला लावते. मपला रंगीत काढ."

हो म्हणालो. रंगीत रोल मला परवडत नाही, हे सांगायला तोंडच उघडलं नाही.