चाळिसाव्याची सहल

बेरुत,
१९ एप्रिल २०१२

प्रिय नुहादताई,

देव तुम्हा सगळ्यांना सांभाळो. आईंचे गुडघे कसे आहेत? इकडे मी बरा आहे.

वदीअला जाऊन वर्ष होईल, त्या दिवशीच्या चर्चमधल्या प्रार्थनेचं, मिस्साचं निमंत्रण मिळालं. पाकिटावर तू 'सहल कचेरीतील सर्व मंडळींस' असं लिहिलंयस. सर्व मंडळी म्हणजे आता मी आणि बस चालवणारा अबू तूमा. तो म्हणाला, "चला, 'सर्वां'त तरी आमची गणती झाली. घरी बायको तेवढीही करत नाही." हसलो दोघे. मग दोन दिवस पाकीट टेबलावर नुसतं पडून होतं.

मला यायचंय, ताई. पण कचेरीतला माणूस म्हणून नाही. का, ते सांगायलाच बसलोय. धीर होईपर्यंत इकडचंतिकडचं लिहीन, तेवढं सोसून घे.

धंदा बेताचाच आहे. सीरियात पेटल्यापासून पाहुणे आटले. या धंद्याची कल्पना मुळात तुझ्या भावाची, वदीअची. पुरुषावर जीव असलेल्या पुरुषांनी आपला देश बघावा, किल्ले, बाजार, गाणंबजावणं सगळं, आणि हॉटेलात दोघांत एक खोली मागताना त्यांना मान खाली घालावी लागू नये, एवढंच त्याचं म्हणणं. कुठल्या हॉटेलचा मालक समजूतदार, कुठल्या चौकीच्या आधी हातातले हात सोडायचे, याची यादी त्याला तोंडपाठ होती. आता मी वहीत बघून सांगतो.

जगभरच्या जोडप्यांना एका पलंगाची खोली मिळवून देणारे आम्ही, आणि तू बेरुतला राहायला आलीस तेव्हा बैठकीत माझा वेगळा बिछाना मांडून बसलो होतो. भाडं वाटून घेणारा मित्र म्हणून वदीअने माझी ओळख करून दिली. सकाळी तू त्या चादरीवरून हात फिरवलास. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. तू चादर दुमडून ठेवलीस आणि तिघांचा चहा टाकलास. तुला कळलंय हे मला तेव्हाच कळलं होतं. अकरा वर्षं आम्ही एकमेकांचे होतो, ताई. लिहून टाकलं एकदाचं.

बालबेकच्या प्राचीन देवळाच्या पायऱ्यांवर, पाहुण्यांसमोर त्याचं हृदय बंद पडलं, तेव्हा मी घरी भेंडी चिरत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दफन होतं. मी तुला फोनवर सांगितलं की विमानतळावर गट उतरतोय, निघता येत नाही. गट उतरत होता हे खरं, पण अबू तूमा त्यांना आणू शकला असता. मी घाबरलो होतो. सगळ्या गावासमोर माझ्याकडून रडणं आवरलं नसतं आणि मित्र इतका रडत नाही.

मग त्याचा चाळिसावा दिवस आला. न येणं जमेना आणि येणंही जमेना, तेव्हा मी असं काही केलं की लिहितानाही लाज वाटते. बारा पाहुण्यांच्या सहलीत तुमचं गाव घातलं. जुन्या चर्चमध्ये सहाशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं आहेत, अशी थाप मारली. गाइडला कुठेही उभं राहता येतं, कुणी विचारत नाही. 'देव त्याला शांती देवो' हे वाक्य मी बसमध्येच सगळ्यांकडून घोकून घेतलं. इथली रीत म्हणून सांगितलं.

मिस्सा संपल्यावर बारा जण माझ्या मागून सांत्वन घ्यायला उभ्या राहिलेल्या तुम्हा घरच्यांच्या रांगेसमोरून गेले आणि वेड्यावाकड्या उच्चारांत प्रत्येकाने ते म्हटलं. तुमची मावशी गहिवरून म्हणाली, "अगं बाई, सातासमुद्रापलीकडून माणसं आली! पोरानं नाव काढलं हो!" मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि आईंनी माझा हात धरला. सोडेचनात. "कुणाचा रे तू, बाळा?"

मी म्हणालो, "मी गाइड आहे. या लोकांना चर्च दाखवायला आणलंय."

त्यांनी हात सोडला. "मग दाखव बाबा. खोळंबलेत ते."

आणि मी दाखवलं. वदीअच्या फोटोकडे पाठ करून, पांढऱ्या भिंतीकडे बोट दाखवून, चुन्याखाली कुठले संत आहेत ते दहा मिनिटं सांगत राहिलो. तू दुखवट्याच्या कडू कॉफीचा ट्रे घेऊन मागेच होतीस. मला कप न देता पुढे गेलीस. बरं केलंस.

परतताना एका वयस्कर ब्राझीलकराने विचारलं, "फोटोतला तो देखणा माणूस कोण?" मी म्हणालो, "गावातला कुणीतरी." ताई, अख्ख्या देशात मला खोटं बोलायची गरज नव्हती अशी ती एकच जागा होती. बसमधले सगळे आमच्यासारखेच. एक शब्द बोललो असतो तर बाराच्या बारा जणांनी मला जवळ घेतलं असतं. तिथेही मी त्याला नाकारलं. वर्ष होत आलं, रोज जेवताना ते आठवतं.

या वेळी बस आणणार नाही, एकटा येईन. घरच्यांच्या रांगेत मला उभं कर, असं म्हणत नाही, तो हक्क मीच घालवला. इतरांसारखा समोरून येईन. आई पुन्हा विचारतील, त्या प्रत्येकाला विचारतात. या वेळी मी खरं सांगेन. पण त्या म्हाताऱ्या जिवाला ते झेपेल का, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? माझ्या मनावरचं ओझं त्यांच्या छातीवर ठेवायचा मला काय अधिकार? म्हणून आधी तुला विचारतोय. 'येऊ नकोस' एवढे दोन शब्द लिहिलेस तरी पुरे. राग मानणार नाही. मग कचेरीतर्फे अबू तूमा येईल.

काही लिहिलं नाहीस, तर मी आलोच.

वदीअचा,
रईफ