अंडी गुंडाळायचे कागद

४ जून

शून्य ओळी. टेबल पुसलं, पेन्सिलींना टोक केलं, पंख्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं, परत माझ्याकडे फिरवलं. मग जेवायची वेळ झाली. याला म्हणे लेखन!

सालूद म्हणाली, "ताई, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. एवढ्यात लोकांची नातवंडं शाळेत जायला लागतात." धाकटी बहीण आहे, आणि भात तिच्याच हातचा खायचा असतो. म्हणून ऐकून घेते.

६ जून

चूक माझीच. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहावर पुस्तक लिहितेय, असं गावभर सांगून बसले. आता पाद्रीबाबांपासून औषधवाल्यापर्यंत सगळे विचारतात, "काय मिस पुरिंग, कुठवर आलं पुस्तक?" दात काढून विचारतात! कुठवर येणार? पहिल्या पानावर आमच्या वसतिगृहाची मदर इग्नासिया जिना उतरतेय. तीन वर्षं उतरतेच आहे.

पण लिहायला हवं. आमच्या वर्गातल्या एकेक करत सगळ्या गेल्या. बेनिग्ना कोण होती हे ठाऊक असलेली मी एकटी उरले. मी गेले की ती दुसऱ्यांदा जाणार.

९ जून

सालूदचा तोडगा — मठात जाऊन संतीण सांता क्लाराला अंडी वाहा.

"अंडी लग्नात पाऊस पडू नये म्हणून वाहतात," मी म्हटलं.

"परीक्षेसाठीही वाहतात. तुझं पुस्तक ही परीक्षाच आहे. आमची."

१० जून

गेले शेवटी. क्लारा मठातल्या सिस्टर कोणाला दिसत नाहीत. भिंतीत फिरतं लाकडी कपाट आहे. आपण अंडी ठेवायची, पलीकडून कपाट फिरतं, आणि आवाज येतो.

"लग्न कधी आहे?"

"लग्न नाही."

"मग बारसं?"

"सिस्टर, मी एकाहत्तर वर्षांची आहे!"

"देवाला काही अशक्य नाही, मॅडम."

पुस्तकाचं सांगितलं. नवस बोलले — दर सोमवारी डझनभर अंडी, पुस्तक पुरं होईपर्यंत. आतून अंडी मोजल्याचा आवाज. मग — "पाऊस थांबवणं त्या मानानं सोपं असतं."

उद्धट! आमच्या वेळी अशा सिस्टर नव्हत्या. अंडं मात्र एकही फुटलं नाही. तीनचाकी रिक्षा खड्ड्यांतून उडते, म्हणून एकेक अंडं पहिल्या प्रकरणाच्या, तीन वर्षांत खरडून टाकून दिलेल्या रद्दी पानात गुंडाळलं होतं. तेवढा तरी उपयोग झाला त्या पानांचा.

१७ जून

आज कपाट फिरायच्या आधीच आवाज — "मग पुढे काय झालं?"

"कशाचं?"

"मदर इग्नासियाने सगळ्या मुलींचे आरसे जप्त केले. मग? शेवटच्या अंड्यावर अर्धंच पान होतं."

वाचलं! माझे खाजगी कागद! चुरगळलेले उलगडून, क्रमाने लावून वाचले! मी म्हटलं, "तो केर होता, सिस्टर."

"आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण तिसऱ्या अंड्यापासून रंगत येते."

तिसऱ्या अंड्यापासून!! पहिल्या दोन अंड्यांना काय धाड भरली होती?

१८ जून

पहिली दोन अंडी माझ्याकडच्या प्रतीत पुन्हा वाचली. जिन्याचं वर्णन. नुसतं वर्णन. काढून टाकलं. मदर इग्नासिया एका वाक्यात खाली आली.

२४ जून

डझन अंडी, डझन पानं. सालूद म्हणते, "बदकाची घे, मोठी असतात. कागद जास्त लागेल."

१ जुलै

आज कपाटापलीकडून कळलं — मठात जेवताना बोलायचं नाही असा नियम आहे. एकीने संतचरित्र वाचायचं, बाकीच्यांनी खाली मान घालून जेवायचं. गुरुवारी वाचणारीने संताऐवजी माझं दुसरं प्रकरण काढलं! बेनिग्ना बाहीत कोंबडीचं पिल्लू लपवून प्रार्थनेला येते, घंटा वाजते, सगळ्या माना खाली जातात, आणि नेमकं तेव्हाच पिल्लू बोलतं — तो प्रसंग. सर्वांत म्हाताऱ्या सिस्टरच्या नाकातून सूप आलं. मौन मोडलं म्हणून मठाच्या मदरने सगळ्यांना प्रायश्चित्त दिलं.

"माफ करा," मी म्हटलं.

"कशाबद्दल? त्या म्हाताऱ्या सिस्टर हसू शकतात हे आम्हाला आत्ता कळलं. आता जेवताना नाही, संध्याकाळी विरंगुळ्याच्या वेळी वाचतो. मदरही येऊन बसतात. देखरेखीला."

देखरेखीला म्हणे!

१५ जुलै

औषधवाला — "कुठवर आलं पुस्तक?" मी — "सहा प्रकरणं झाली." खोकल्याच्या औषधाऐवजी पायाला चोळायचं तेल बांधून दिलं त्याने. असू दे. किंमत वसूल झाली.

१६ जुलै

सातवं प्रकरण. आजाऱ्यांची खोली.

१९ जुलै

पेन्सिलींना टोक केलं.

२२ जुलै

कपाट फिरलं. कागदांचा आवाज. मग, "मॅडम, हे तर वर्तमानपत्र आहे."

"पुस्तक संपलं."

"असं कसं? बेनिग्नाला ताप आला होता."

"सुट्टी लागली, मुली घरी गेल्या. संपलं."

"बेनिग्ना गेली घरी?"

तीनचाकीवाला खोळंबलाय असं सांगून निघाले. खोळंबला नव्हता. चालत आले.

२३ जुलै

लिहायचं काय? सहा प्रकरणं मदर इग्नासियाची यथेच्छ टिंगल केली. नाक, चष्मा, जिन्यावरची पावलं. सगळं खरं आहे. पण माझी खाट बेनिग्नाच्या शेजारी होती. मलाही ताप होता, माझा उतरला. ती एकसारखी पिल्लू कुठंय विचारायची. आम्हाला वाटायचं मदरने ते जप्त करून भाजीत घातलं. त्या दुपारी मदर आली, जमिनीवर बसली — आम्ही तिला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं — आणि आपल्या बाहीतून ते पिल्लू काढून बेनिग्नाच्या हातात दिलं. इतके दिवस सांभाळलं होतं तिने. चांगलं गुबगुबीत झालं होतं.

संध्याकाळी बेनिग्ना गेली. पंधरा वर्षांची.

यावर नाकातून सूप येत नाही. लोकांना हसवून घ्यायचं आणि मग हे वाढायचं? मला नाही जमत.

२९ जुलै

गेले नाही. पाऊस होता.

५ ऑगस्ट

पाऊस नव्हता. गेले नाही. सालूद काही बोलली नाही. म्हणजे हद्द झाली!

११ ऑगस्ट

आज सांता क्लाराचा सण. सालूदने हाताला धरून नेलं. रिकाम्या हाताने उभी राहिले. 

कपाट आपण होऊन फिरलं. आतून टोपली आली. डझनभर अंडी, मठातल्या कोंबड्यांची.

"सिस्टर, हे काय? उलटं फिरलं कपाट."

"नाही मॅडम. हा आमचा नवस आहे. तुम्हाला."

घरी येऊन टोपली उघडली. एकेक अंडं कागदात गुंडाळलेलं. मी घाईने उलगडले — म्हटलं, काही लिहिलं असेल. कोरे. सगळे कोरे.

सालूद म्हणाली, "आता तू पावायचंस, ताई." आणि इस्त्री तापत ठेवली. चुरगळलेल्या कागदांसाठी.