बिहीच्या झाडाला जामीन

आदरणीय तूबाताईस,

धाकट्या फरामर्जचा सलाम आणि कागदावरूनच हाताचं चुंबन (प्रत्यक्षात वाकलो की हल्ली गुडघा बोलतो). तुझी पाठ कशी आहे? तबरीजच्या थंडीत ती फार धरली होती असं तुझी लेक निलूफर म्हणाली. बाळाला दात आले का, आणि तिचं नाक खरंच आपल्या घराण्याचं आहे का? असलं तर आतापासून काळजी करू नकोस, तसल्या नाकानं आपल्या दोघांचं काही अडलं नाही. फोनवर तू गेले आठ महिने एकच विचारतेस, "झाडं जगली ना?" मी "हो, पण" म्हणतो आणि त्या "पण"च्या पुढचं ऐकायच्या आत तू फोन निलूफरच्या हातात देतेस. तेव्हा साठलेले सगळे "पण" आज एकदम पाठवतो आहे. बसून वाच.

जाताना तू स्वयंपाकघराच्या दारावर यादी चिकटवून गेलीस. पानगळ लागली की खत बंद, आबान महिना संपायच्या आत जिरेनियमच्या कुंड्या तळघरात, लिंबाच्या कुंडीला गोणपाट, पाणी पंधरा दिवसांतून एकदा. सुरुवातीला मी सगळं अक्षरशः पाळलं, फक्त तीन जिरेनियम बाहेर ठेवले. ताई, तीस वर्षं हवामान कचेरीत मी थंडी मोजली, पण ती नेमकी कुणाला किती वाजते हे कधी पाहिलं नव्हतं. म्हणून एक कुंडी मातीच्या भिंतीला टेकवली, एक अंगणाच्या मधोमध ठेवली, एक हौदाच्या काठावर, आणि प्रत्येकीशेजारी एकेक थर्मामीटर रोवला. हौदाकाठची पहिल्याच हिमात गेली, मधली त्यानंतर चार दिवसांनी. भिंतीजवळची मात्र अजून फुलते आहे, कारण भिंत दिवसभर ऊन पिऊन ठेवते आणि पहाटेपर्यंत पुरवून पुरवून देते. हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याचा मला इतका आनंद झाला की गेलेल्या दोघींचं वाईट वाटायला दोन दिवस उशीर झाला. वाटलं मात्र, हे नोंदवून ठेव.

मग खिडकीतलं यूसुफचं रूप, तुझं ते लाल-हिरव्या पानांचं लाडकं झाड. त्याला गारठा लागू नये म्हणून मी ते स्टोव्हजवळ आणलं, आणि तिथे सुकू नये म्हणून रोज पाणी घालत गेलो. रोज दोन पानं गळायची, मी आणखी पाणी घालायचो. शेवटी सात पानं उरली तेव्हा कुंडी कोटाखाली लपवून मी शेजारी महलका खानमकडे घेऊन गेलो. (हो, त्याच महलका खानम, ज्यांच्याशी तू अकरा वर्षं बोलत नाहीस. सगळा राग इथेच संपवू नकोस, पुढे लागणार आहे.) चाळीस वर्षं सुईणीचं काम केलेल्या बाई त्या, अर्धा मोहल्ला त्यांच्या हातून जगात आलेला. त्यांनी मातीत दोन पेरं बोट घातलं, ते बाहेर काढून माझ्या नाकापुढे धरलं आणि शांतपणे विचारलं, "फरामर्ज आगा, याला तहान लागते म्हणून पाणी घालता, की तुम्हाला एकट्याला करमत नाही म्हणून?"

मी जरा विचार करून खरं ते सांगितलं.

"मग संध्याकाळी चहाला येत जा," त्या म्हणाल्या. "झाडाला बुडवू नका."

त्याप्रमाणे मी जात गेलो. झाडाला आता तेवीस पानं आहेत.

आता यादीतली शेवटची ओळ, जिच्यासाठी हे पत्र. "इस्फंदमध्ये, नवरोजच्या आधी, बिहीचं झाड नेहमीप्रमाणे टोपीसारखं गोल छाटणे. अकरा वर्षांत एक फळ दिलं नाही. छाटण्यापेक्षा तोडूनच टाक." ही ओळ मी थंडीभर रोज वाचत होतो. आज्ञा तुझी, झाडही तुझं. पण ते आपल्या अब्बांनी लावलेलं, आणि त्याच्या पिवळ्या फळांचा मुरंबा मी लहानपणी चोरून खाल्लेला. शिवाय मला एक कोडं पडलं होतं. अब्बांच्या हयातीत भरभरून देणारं झाड ते गेल्याबरोबर गप्प का व्हावं? त्याला दुःख झालं म्हणावं, तर पानं तर दरवर्षी मजेत फुटत होती.

तोडण्याआधी जुनी रीत तरी करून बघू म्हटलं. न फळणाऱ्या झाडापुढे एकानं कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं, दुसऱ्यानं मध्ये पडून जामीन राहायचं. कुऱ्हाड मी रोट्या भाजणाऱ्या नानवायाकडून आणली. जामीन कोण राहणार? घरात मी एकटा, आणि स्वतःच धमकी देऊन स्वतःच रदबदली करणं मला जमेना (दोनदा करून पाहिलं). तेव्हा महलका खानमना बोलावलं. त्या राखाडी कोट घालून, पायात गल्लीतल्या चपला अडकवून आल्या. अकरा वर्षांनी आपल्या अंगणात पाऊल टाकलं, तर आधी उंबऱ्याशी थोड्या थांबल्या.

मी कुऱ्हाड उचलून शक्य तेवढ्या जरबेनं म्हणालो, "आळशी झाडा, बास झालं. आज तुझं सरपण करतो."

त्यांनी म्हणायचं असतं एवढंच की सोडा हो, पुढच्या वर्षी देईल. पण त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोलतच राहिल्या. "चाळीस वर्षं मी हेच पाहिलं. मूल होत नाही म्हटलं की सगळे बाईकडे बोट दाखवतात, दोष कुणाचा ते कुणी बघत नाही. या झाडाला शेंड्याशी फूल येतं. कोवळ्या फुटीच्या अगदी टोकाला. आणि दर इस्फंदला तूबा खानम कात्री घेऊन येतात आणि सगळे शेंडे उडवून जातात. मी अकरा वर्षांपूर्वी भिंतीवरून एवढंच सांगितलं होतं. याला जामीन मी राहते. कात्रीला जामीन कोण?"

ताई, मी कुऱ्हाड खाली ठेवली. तू मला भांडणाचं कारण वेगळंच सांगितलं होतंस. त्या आपल्या भिंतीवर गालिचा झटकतात, असं. असेलही, गालिचा मी पाहिला आहे. पण अब्बांचं झाड आपल्याच हातून मुकं झालं हे ऐकून घेणं तुला त्या वर्षी किती जड गेलं असेल, तेही मला कळतं. अब्बा नुकतेच गेलेले, त्या वर्षी तर तुला कुणी काहीच सांगू शकत नव्हतं.

मी छाटलं नाही. नवरोजनंतर सव्वा महिन्यानं शेंड्याशेंड्यावर फिकट गुलाबी फुलं आली, मी एकेचाळीसपर्यंत मोजली. आज नऊ फळं धरली आहेत, मांजराच्या पिल्लासारखी लव असलेली. आता मला एकच रुखरुख आहे: झाड कात्री टळल्यामुळे फळलं, की कुऱ्हाडीला घाबरून? पुढच्या वर्षी अर्धं झाड छाटून अर्धं सोडून बघावं, असं मी म्हणालो.

"आणि कुऱ्हाड कोणत्या अर्ध्याला दाखवणार?" महलका खानमनी विचारलं.

निलूफरला आणि बाळाला आशीर्वाद. पाठीला ऊब देत जा.

तुझा,
फरामर्ज

ता. क. फळं पिकेपर्यंत थांबू नकोस, लवकर ये. एक काम आहे. ते घरातल्या मोठ्या बाईनंच करायचं असतं, फुलं आणि मिठाई घेऊन शेजारच्या दारी जायचं, आणि माझ्या घरात मोठी बाई तू एकटीच. मी एकसष्ट वर्षांचा आहे हे मला ठाऊक आहे, ते फोनवर सांगू नकोस.

ता. क. २. हे पत्र महलकाला वाचायला दिलं होतं. कात्रीचा मजकूर खोड म्हणाली, नणंदेला पहिल्याच पत्रात असं कळवू नये. मी खोडला नाही, कारण पुन्हा सगळं लिहावं लागलं असतं.