गहिवर नव्हता, धूर होता

बाबा, पत्रकार दिनाच्या भाषणात मी सांगितलं की तुम्ही कुठल्याच उमेदवाराला घराची पायरी चढू दिली नाही. टाळ्या पडल्या, पण ते खरं नव्हतं. काका तर थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसायचे. शाळेपासूनचे तुमचे मित्र, अंजनगावातून निवडणुकीला उभे, आणि तुम्ही तिथले वार्ताहर. मी ताटं वाढते आहे आणि ते तुम्हाला म्हणताहेत, "नळाले पाणी आलं म्हून छाप ना बे उद्या."

"येऊ दे पाणी, मंग छापतो."

"दोस्ताच्या कामी नाही येशीन, तं कोनाच्या येशीन?"

"म्हून तं जेवू घालून राहिलो. घे, भाजी घे."

दुसऱ्या दिवशी तुम्ही कोरड्या नळांचीच बातमी दिली. काका आता येणार नाहीत म्हणून मी रडवेली झाले, तर तुम्ही म्हणालात, "येईन तो. भूक लागली का येईन." आणि ते आले. दार बंद करण्यापेक्षा हे कितीतरी अवघड होतं, हे मला आता कळतं. तुमची मुलगी म्हणून ओळख सांगताना आजही माझा आवाज जरा चढतो.

काका पुन्हा उभे आहेत आणि मी अमरावतीच्या एका दैनिकात बातमीदार आहे. गेल्या आठवड्यात आम्ही सगळे पत्रकार त्यांच्याच गाडीतून एका शेतकरी बाईच्या घरी गेलो. प्रचारवाल्यांनी तिची गॅसची शेगडी उचलून मागच्या अंगणात ठेवली आणि फोटोसाठी विटांची चूल मांडली. "माहा सैपाक अर्धा हाये, गॅस काहून उचलून राहिले?" ती विचारत होती. ओली लाकडं धुमसली, काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कॅमेरे चालले. संध्याकाळी प्रचार कार्यालयातून तयार ओळ आली, ती सगळ्यांनी छापली, आम्हीही: गरिबी पाहून उमेदवार गहिवरले.

काल मी एकटीच एसटीने त्या बाईकडे गेले. खरं लिहिलं तर तिला त्रास होईल, ही धास्ती होती. ती उलट माझ्यावरच उखडली. "लिही ना मंग! अकोल्याचे पाहुणे पोरीले पाहाले येणार होते. फोटो पाहून विचारून राहिले, घरी गॅसबी नाही काय म्हून. तुमी सारे तं उभेच होते, कोनी बोललं काहून नाही?"

त्या बातमीची दुरुस्ती मी लिहिली आहे. संपादक काकांबद्दल म्हणतात, ते आपल्या घरचे माणूस आहेत, निवडणूक होऊन जाऊ दे. तोवर त्या मुलीचे पाहुणे थांबतील का, हे मी विचारलं. ते हसले.

तुम्ही आता नाही आहात, हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून कबूल करते. काका मला अजून "बेटा" म्हणतात, आणि ते ऐकायला मला आवडतं. उद्या रविवारी आधी त्यांनाच जाऊन सांगेन. सोमवारी सकाळच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, ती दुरुस्ती माझ्या नावाने मांडणार आहे.