मुकी टाकी

उस्ताद, तुम्ही बनवलेली लाल गाडी काल शर्यतीत धावली. चालवत होती तुमची मुलगी. घाबरू नका, ती बरी आहे. घाबरायचं काम महिनाभर मी केलंय.

तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेत होती, आता बेलापूरला वकिली करते. एके दिवशी बोनकोड्याच्या आपल्या शेडमध्ये येऊन म्हणाली, "दादा, बाबांची गाडी बाहेर काढ." काढली. सीटच्या अगदी मागे तुम्ही झाळलेली पत्र्याची टाकी तशीच. "टाकी बोलते, कान लाव," असं म्हणत तुम्ही मला ठोकायला शिकवलंत, एकदा नीट ऐकलं नाही म्हणून टाळूवर टपलीही दिलीत. त्याच कानांवर मी माझं गॅरेज उभं केलं. बोटाने ठोकली, तर एका सांध्याशी आवाज बद्द आला. म्हणजे झाळ सुटत आलेली. मागून कोणी धडकलं तर सगळं पेट्रोल पोरीच्या पाठीवर.

शर्यतीच्या नियमात जुनी टाकी चालत होती. मी म्हटलं, फ्युएल सेल बसवू. पत्र्याच्या पेटीत जाड रबराची पिशवी, आत फोम, पेटी चेपली तरी पिशवी फुटत नाही. ती ऐकेना. "बाबांनी काय विचार न करता लावली टाकी?" शेवटी मी म्हणालो, "उस्तादच मला म्हणाले होते, पुढेमागे ही बदल." तेव्हा कुठे तयार झाली.

मोठा सेल एक्सलच्या मागे बाहेर येत होता, म्हणून लहान घेतला, चासीच्या दोन दांड्यांमध्ये मावणारा. एक जुना स्वस्तात मिळत होता. त्याचं रबर वाकवलं तर बारीक भेगा, आतल्या फोमचा भुगा. आमचा वेल्डर म्हणाला, "शेठ, सोफ्याचा फोम कोंबू, कोन बघतंय?" मी म्हटलं, मग गाडी चालवायला तूच बस. तो हसला, मी नाही हसलो. नवाच मागवला. पट्ट्यांनी आवळला, सीटच्या मागे आडवा पत्रा ठोकला, हवेच्या नळीला गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह लावला. तुमच्या सवयीने गळती बघायला आत पाणी भरावं म्हणून पाइपही उचलला, फोम भिजेल हे ऐनवेळी आठवलं. पेट्रोल भरून खाली वर्तमानपत्र पसरलं आणि बोटाने ठोकलं. उत्तर नाही. हलवलं तरी डुचमळत नाही. उस्ताद, आयुष्यात पहिल्यांदा कान असून बहिरा झालो. कागद कोरडा होता, तरी रोज सकाळी खाली वाकून बघायचो.

आणि काल वळणावर मागची गाडी तिच्यात घुसली. मागचा भाग पार चेपला. मी धावतोय, लोक ओरडतायत, आणि मी फक्त एक आवाज शोधतोय, टप टप. गाडीपाशी पोचलो, गुडघ्यावर बसलो, कान लावला. काही नाही. जमीन कोरडी. तिने हेल्मेट काढलं, माझ्याकडे बघितलं. "बाबा बरोबर बोलले होते ना, दादा?"

मी हो म्हणालो.

तुम्ही असलं काही कधी बोलला नव्हतात. सेल बघून म्हणाला असतात, "रबराची पिशवी? दूध आनायला चाललास काय?" हे तिला सांगायचा धीर मला नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. तुमची टाकी शेडमध्ये खुंटीला टांगलीय. हा कागद तिच्यातच टाकून झाकण लावतो. सकाळी आलो की अजून एकदा वाजवतो तिला. ती बोलते, तेवढंच बरं वाटतं.