दर रविवारी जजमानाला जोडे

मामोसा हयात खाँ यांस धोरासरहून भाचा भुंगर खाँ याचा सलाम. मामीसांना वेगळा सलाम (एकत्र घातला की त्या धरत नाहीत). आपले गुडघे कसे आहेत? सांडणी व्याली का? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून.

जजमान थोरले ठाकूर गेल्यापासून आमचे दिवस पातळ झाले, हे आपण जाणताच. धाकट्या ठाकुरांना माझ्या गाण्यात स्वतःच्याच पूर्वजांची नावं ऐकताना जांभया येतात. अशात जोधपूरहून लोककला जतन समितीचे लोढासाहेब आले आणि मांडवात उभं राहून म्हणाले, "आजपासून या कलाकारांचे जजमान आम्ही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडलो, मामोसा. आपल्याला नवा जजमान मिळणं ही काय चेष्टा आहे? लगेच त्यांच्या शिपायाला चहा पाजून साहेबांच्या बापाआज्यांची नावं काढली, वंशावळ जुळवली (आज्याची सावकारी गाळली), आणि नातवाच्या बारशाला थेट दारात जाऊन गायलो. जजमानाच्या घरी बोलावणं कसलं? साहेबांनी पाणी दिलं आणि पुढच्या वेळी फोन करून यायला सांगितलं.

मग एकदा त्यांनी मला शाल पांघरली आणि आज्या वाजवायचा तो कमायचा मागितला. म्हणाले, "भुंगरजी, असा ठेवा वाळूत खराब होईल. आम्ही जपतो." जजमानाने मागितल्यावर नाही म्हणतात का? दिला. आता तो त्यांच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी लावली आहे, 'लुप्त होत चाललेले वाद्य'. अहो साहेब, तुम्ही उचलून नेलंत त्याच्या आदल्या दिवशी वाजत होतं! परत मागितला तर म्हणतात, नोंद झाली, आता बाहेर निघत नाही. मग मी लग्नात काय शाल वाजवू?

शेवटी आपल्या लोकांचा अखेरचा उपाय काढला. साहेबांचा चिंध्यांचा बाहुला केला (पोट भरायला घरातली एक रजाई गेली, चष्मा सासूबाईंचा), बांबूवर टांगला आणि समितीच्या फाटकासमोर भर रस्त्यात जोड्यांनी बडवायला लागलो. अशाच एका बाहुल्यापायी थोरल्या ठाकुरांच्या चुलत्यांनी लाजेने गाव सोडलं होतं, आठवतं ना? लोढासाहेब धावत बाहेर आले. मला वाटलं, आता हात जोडतील. तर ओरडले, "थांबा, थांबा, कॅमेरा येऊ द्या! किती दुर्मिळ प्रथा! भुंगरजी, रबरी चप्पल नको, मोजडी घ्या. आणि जरा वळा, माझं तोंड दिसत नाहीये."

तेव्हापासून दर रविवारी मी पाहुण्यांसमोर साहेबांना बडवतो. मजुरी मिळते, वर नाश्ता. पाहुण्यांची पोरंही एकेक जोडा मारून बघतात आणि साहेब शेजारी उभे राहून माहिती सांगतात. घर चाललंय, खोटं कशाला बोलू? पण परवा धाकटे ठाकूर म्हणाले, बहिणीच्या लग्नात डीजे आणायचा विचार आहे. मी म्हटलं, "हुकूम, मग मला बाहुला बांधावा लागेल." ते खदखदून हसले. "बांध की! रविवारी मित्रांना घेऊन येतो." मामोसा, आपल्या हातात तेवढा एकच धाक होता, तोही मी जतन करून टाकला. फार वाईट वाटलं. घरी आलो तो जेवलोच नाही.

आपला, जजमान असून नसलेला,
भुंगर

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. ठाकुरांच्या माँसांनी डीजेला साफ नकार दिला आहे. त्या म्हणतात, कमायचा वाजल्याशिवाय माझी लेक फेऱ्यांना उभी राहणार नाही. मी रिकाम्या हाताने गेलो, तर पिढ्यान्‌पिढ्यांचं ते घर कायमचं सुटेल. आपला कमायचा माळ्यावर पडून आहे, तो द्याल का? कातडं मी बदलेन, तारा मी चढवेन. रविवारी बडवून झालं की मी आज्याच्या कमायच्यापाशी जाऊन उभा राहतो. त्याच्या तारा सैल पडल्या आहेत, आणि मला काचेला हात लावू देत नाहीत.

पुन्हा ता. क. बसने पाठवताना गोधडीत गुंडाळा. कुणी विचारलं तर तुपाचं मडकं म्हणा, पाळणा म्हणा, वाटेल ते सांगा. फक्त जुना आहे असं कुणाला म्हणू नका.