भूपतगडाच्या वाटेवर

१६ नोव्हेंबर १९१३, रविवार

शेवटी घराबाहेर पडले! वहिनीचे भाऊ मधुभाऊ ठाण्याहून हवापालटाला आलेत. त्यांना जव्हारचा मुलूख दाखवायचा, तर मला एकटीला घरी कसं ठेवायचं, म्हणून दादाने डोली करवली. एरवी माझ्यासाठी कोण करवतंय. लहानपणी तापात पाय गेले तेव्हापासून माझं जग म्हणजे ओटी आणि परस.

शिरपामाळावर गेलो. नुसतं पिवळं गवत, आणि पलीकडे खोल दरी. वारा इतका, की पदर डोक्यावर ठरेना. डोळे भरून आले. वाऱ्याने, असं सांगितलं.

डोली उचलायला दादाच्या जंगलठेक्यावरचे दोघे भाऊ होते – माघ्या आणि लक्ष्या, जामसरचे. नागली झोडायची राहिलीय म्हणत होते, मुकादमाने ऐकलं नाही. वहिनी म्हणाली, "देवाने मथूताईंचे दोन पाय नेले आणि हे चार दिले." मधुभाऊ हसले. मीही हसले.

१७ नोव्हेंबर

डोलीत बसून अंग आंबलंय. वाहणाऱ्यांचं काय होत असेल, असं मनात आलं. मग पुन्हा ते गवतच आठवत बसले.

२३ नोव्हेंबर, रविवार

दाभोसा! पहाटे बैलांच्या दमणीतून निघालो, पुढे डोली. धबधबा आधी ऐकू येतो, दिसत नाही. वाट सरळ खाली उतरते, सगळे निसरडे दगड. माघ्या पुढे होता. त्याचा पाय घसरला, गुडघा दगडावर फुटला – पण डोली त्याने सोडली नाही. मधुभाऊ वरून ओरडले, "नीट धर रे, ताई पडल्या असत्या आता." गुडघ्याकडे कोणी पाहिलं नाही. त्यानेच कसलासा पाला चोळला आणि उभा राहिला.

लक्ष्या म्हणाला, "इथूनच बघ ना, बाय. पुढं लय वाईट हाय." तिथून धबधबा निम्माच दिसत होता.

"अजून थोडं खाली," मी म्हणाले.

पाणी कड्यावरून सुटतं ते खाली येईपर्यंत धूर होऊन जातं. तोंडावर तुषार येत होते. एवढं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. परत चढताना माघ्याचा श्वास ऐकू येत होता, म्हणून मी पाण्याच्या आवाजाकडे कान लावला.

२९ नोव्हेंबर

माघ्या सकाळीच अंगणात येऊन उभा. "मालक, फागी लय आजारी हाय. माझी बायको. उद्या मना नको नेऊ."

दादा दाढी करत होता. "तू घरी बसून काय करणार? वैद्य आहेस?"

मग माघ्याने माझ्याकडे पाहिलं. मी शब्द टाकला असता तर दादाने कदाचित ऐकलं असतं. पण उद्या भूपतगड आहे. मी तांदूळ निवडत राहिले.

३० नोव्हेंबर, रविवार

रात्र झालीय, तरी लिहिते.

गडाची चढण निम्मी झाली होती. वहिनी, मधुभाऊ, मुकादम पुढे निघून गेलेले. मागून हौशी धावत आली – माघ्याची बहीण. "माघ्या, चल. ती तुझंच नाव घेते. आता नाय आला तर नाय भेटायची."

माघ्या तसाच उभा. दांडी खांद्यावर, डोळ्यांतून पाणी. डोली खाली ठेवायची हिंमत त्याला होईना.

"ठेव खाली," मी म्हणाले. "दोघंही जा."

"मार पडंल, बाय."

"नाही पडणार. मी सांगते ना दादाला."

ते गेले. मी एकटी आईनाच्या झाडाखाली. भीती वाटली, पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून कोणाला काही दिलं गेलं, असंही वाटलं. गड राहिला. राहू दे.

मग वरून सगळे आले. वहिनी किंचाळली, "मेल्यांनी वाघाच्या रानात टाकलं हिला!" मुकादम आणि गाडीवानाने मला पोत्यासारखं उचलून उतरवलं. मीच पाठवलं हे दादालाच सांगायचं होतं.

१ डिसेंबर

फागी गेली. भांडी घासताना गौराबाई म्हणाली, "माघ्या पोचला तवा ती बोलत होती." ऐकून बरं वाटलं.

संध्याकाळी सरकत सरकत दादाच्या खोलीपर्यंत गेले. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मथे, खरं सांग. तू सोडलंस का त्यांना? सोडलं असशील तर त्यांना हात लावणार नाही. पण डोली आजच फोडून बंबात घालतो. माझी माणसं कामावरून काढून तुला मिरवायची, आणि वर तू त्यांना सुट्ट्या द्यायच्या?"

वहिनी दारात उभी होती. "आणि मधू म्हणतोय, पुढच्या रविवारी गंभीरगड. तिथून समुद्र दिसतो म्हणे."

मी म्हणाले, उद्या बोलते.

२ डिसेंबर

बोलले नाही. डोली पडवीत उभी आहे.

३ डिसेंबर

मुकादमाने दोघांना धरून आणलं. माघ्या घाबरलेला नव्हता. म्हणाला, "बायनीच सांगितलं जा म्हणून. विचारा बायला." आणि माझ्याकडे बघून थांबला. दादाही थांबला. मुकादमाच्या हातात ओला फोक होता.

"मी कशाला सांगेन?" मी म्हणाले.